चुनाभट्टीला सिमेंट

“आधी ते गिलाव्याचं काम थांबवा,” मी गाडीतून उतरतानाच ओरडले. गवंडी थांबला नाही. अक्कलकुव्याजवळच्या संरक्षित चुनाभट्टीच्या तोंडाशी तो सिमेंट थापत होता. ठेकेदार पोत्यांवर बसला होता.

मी पुरातत्त्व खात्यात इंजिनियर. चुनाभट्टी म्हणजे चुनखडी भाजायची जुनी दगडविटांची भट्टी. आसपासच्या विहिरी, पूल हिच्याच चुन्यावर उभे राहिले आणि आम्ही हिलाच सिमेंट लावत होतो. माझं डोकंच फिरलं. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ती आत कोंडते आणि जुनी वीट पापुद्रे सोडते. काही पावसाळ्यांत भट्टी ढासळली असती.

साहेबांना फोन लावला.

“एस्टिमेटमध्ये सिमेंट आहे. चुना मुरायला वेळ लागतो. मार्चअखेर काम दिसलं पाहिजे.”

“दिसेल, पण टिकणार नाही. मी सही करणार नाही.”

“मग बदलीची तयारी ठेवा.”

“ठेवली.”

ओला गिलावा तिथल्या तिथे खरवडायला लावला.

“मॅडम, तुम्ही सरकारले चुना लावी ऱ्हायनात,” ठेकेदार म्हणाला.

“हो, आणि तोही मुरवलेला.”

तो पोती तिथेच टाकून निघून गेला. गवंडी मात्र माझ्याबरोबर राहिला.

भट्टीला लागून घाणी होती. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक. बैल चाक ओढतात आणि त्याखाली चुना, वाळू, विटांचा चुरा मळला जातो. शेजारच्या शेतातले रोहिदास आबा बांधावरून सगळं बघत होते. त्यांना बैलजोडी मागितली.

“देसू. पन साहेब काय म्हनतीन?”

“ते मी बघते.”

“मंग मुरू द्या चुना. बैल जुपी टाकसूत.”

चुना खड्ड्यात भिजत घातला. तो मुरेपर्यंत घाणीतली माती उपसली, चाकाला नवा लाकडी दांडा बसवला. साहेब आले तेव्हा बैल फिरत होते.

“संरक्षित वस्तू वापरता?”

“तिच्याच संरक्षणासाठी.”

ते तडक गाडीत बसले. मेमो आला. काम संपलं आणि पाठोपाठ नवापूरला बदलीही आली. मी एका शब्दाने माफी मागितली नाही.

पावसाळ्यानंतर मुद्दाम भट्टी बघायला गेले. एकही सांधा सुटला नव्हता. ठेकेदाराची पोती मात्र भिजून दगड झाली होती. आबांनी ती निंबाखाली ओळीने मांडली होती, भट्टी बघायला येणाऱ्यांना बसायला.

मीही बसले. सिमेंट वाईट नसतं. त्याला त्याची जागा दाखवून द्यावी लागते.