बघून आलेल्या बाई

कुणी काही सांगायला लागलं की बाई चहाचा कप खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "स्वतः पाहिलंस?" नाही म्हटलं की विषय संपला. कप पुन्हा उचलायचा.

आखातात, अबू हमूरच्या आमच्या कंपाउंडमध्ये त्या समोरच्या व्हिलात राहत. मूळच्या साताऱ्याच्या, इथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायच्या. नवरा दुखानला तेलाच्या कंपनीत, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी चाललेली ती वर्षं. आज हा चौक बंद, उद्या तो. बाई सकाळी गाडीनं एक फेरी मारून यायच्या आणि गेटवर हातानं काढलेला नकाशा चिकटवायच्या: 'आजचा रस्ता'. फोनवरच्या नकाशावर विसंबून मी दोनदा ऑफिसला उशिरा पोचलो, तेव्हापासून मुकाट्यानं गेटवरचा कागद वाचायला लागलो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याची चेष्टा करतो आणि रस्ता त्यालाच विचारतो.

शेजारच्या घरात एक पॅलेस्टिनी म्हातारे मुलाकडे राहत. सगळे त्यांना अम्मो म्हणत, म्हणजे काका. तरुणपणी ते आपल्या खेड्यातून बाहेर पडले, नंतर परत जायची परवानगी कधी मिळालीच नाही. गावात धाकटा भाऊ आणि बहीण. बहीण अचानक आजारी पडली, भाऊ तिला टॅक्सीनं दवाखान्यात घेऊन निघाला, आणि ती वाटेतच गेली. भाऊ फोनवर म्हणाला, पोचायला उशीर झाला. अम्मोंना ते पटेना.

"चार किलोमीटर," ते चार बोटं दाखवून म्हणायचे. "चार किलोमीटरला कसला उशीर?"

भावानं हयगय केली असं त्यांनी मनाशी धरलं आणि दहा वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

बाईंच्या शाळेतल्या एका मल्याळी शिक्षिकेच्या चर्चमधली काही माणसं एका शांतता शिष्टमंडळाबरोबर तिकडे, अम्मोंच्या मुलखात, निघाली होती. ऑलिव्हच्या काढणीचे दिवस. खेड्यांत राहायचं, लोकांचं ऐकायचं. बाईंनी लगेच नाव दिलं.

नवरा म्हणाला, "अगं, सुट्टीत लेकीकडं जायचं ठरलंय ना? तिथं जाऊन तू काय दिवे लावणार आहेस?"

"दिवे नाही लावायचे. बघून यायचंय."

दोन आठवड्यांनी त्या परतल्या त्या उन्हानं रापलेल्या आणि भयंकर चिडलेल्या. मला प्रोजेक्टर घेऊन घरी बोलावलं. अम्मो आधीच सोफ्यावर येऊन बसले होते. फोटो भिंतीवर सरकत होते, पण बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. वर्गात धडा वाचावा तसं वहीतून वाचत होत्या.

"तुमच्या भावाबरोबर मी त्याच रस्त्यानं गेले. सात वाजून दहा मिनिटांनी घर सोडलं. पंधरा मिनिटांत रस्त्यावर मातीचा ढिगारा, गाडी पुढं जात नाही. चढून पलीकडं गेलो, दुसरी टॅक्सी केली. आठला लष्कराचा नाका. रांग. साडेनऊला सैनिकानं कागद पाहिले आणि परत मागं पाठवलं. मग आडवाटेनं पायी वळसा घालून, दहा वाजून पाच मिनिटांनी दवाखान्याचं दार." त्यांनी वही मिटली. "मी धडधाकट बाई, हातात परदेशी पासपोर्ट. तरी मला तीन तास लागले. तुमच्या भावानं उशीर केला नाही, अम्मो. तो त्या नाक्यावर सैनिकांच्या पाया पडत होता. ती जागा त्यानं मला दाखवली."

अम्मोंनी फोन काढला. भावाचा नंबर त्यांना अजून पाठ होता. तिकडून आवाज आला तेव्हा ते नुसतं भावाचं नाव घेत राहिले. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगीचच भांडी आपटत राहिल्या.

"हे आपल्या लोकांना सांगायला हवं," त्या मला म्हणाल्या. मी मराठी मंडळाचा सेक्रेटरी. संक्रांतीच्या कार्यक्रमात, मुलांचा नाच आणि जेवण यांच्यामध्ये, मी त्यांना वीस मिनिटं दिली.

त्या दिवशी अम्मो इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. मराठीचं अक्षर कळत नसताना. बाईंनी बोलायला सुरुवात केली. तिसरा फोटो पडद्यावर आला तोच अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. "हे राजकारण कुणी घुसवलं? आपण इथं व्हिसावर आहोत. बंद कर ते."

मी वायर काढली. माइकवर म्हणालो, "तांत्रिक अडचण आहे. जेवण तयार आहे, यल्ला, चला."

"अडचण तांत्रिक नाही," बाई तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तुमच्या सेक्रेटरीनं वायर काढली. मी स्वतः पाहिलं."

सगळे ताटं घेऊन गुळपोळीच्या रांगेत उभे राहिले. अम्मोंनी मला विचारलं, संपलं का? मी म्हणालो, "खलास, अम्मो." त्यांनी मान हलवली, कोटाचं बटण लावलं आणि न जेवता घरी गेले. त्या हॉलची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं. अध्यक्षांवर, त्या रांगेवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कारण अध्यक्षांनी फक्त सांगितलं होतं. हात माझा होता.

वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी बाईंच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्यांनी घर आवरलं. मी बॅगा गाडीत ठेवायला गेलो आणि कसंबसं म्हणालो, "बाई, त्या दिवसाबद्दल माफ करा."

"माझी कसली माफी मागतोस? अम्मोंची माग." त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं आणि काच खाली केली. "त्यांच्या भावाचा फोटो पाचवा होता. तो चार लोकांनी बघावा म्हणून कोट घालून आले होते ते."

मी जातो, जातो म्हणत राहिलो. काही महिन्यांनी अम्मो मुलाबरोबर अम्मानला निघून गेले.

मग वर्ल्ड कप आला. रस्तोरस्ती पॅलेस्टाईनचे झेंडे. आमच्या अध्यक्षांनी गळ्यात पॅलेस्टिनींचा तो काळापांढरा रुमाल घालून स्टेडियमबाहेर सेल्फी काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लाइकच्या अंगठ्यांची ही गर्दी. ज्यांनी त्या दिवशी ताटं उचलली, त्यांचेच.

बाईंचे फोटो अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत. पाचव्यात एक म्हातारा धुळीच्या रस्त्याकडेला उभा आहे. एक हात छातीवर, दुसऱ्यानं समोरची जागा दाखवतोय. नीट दिसावं म्हणून तो थोडा बाजूला सरकलाय. मी तो अजून कुणालाही दाखवलेला नाही.