आईच्या चेहऱ्यावरचे चौकोन

बोर्डवाल्या ताईंची जीभ तिखट पण छपाई स्वच्छ, असं अख्खी गल्ली म्हणायची. यातलं पहिलं ताईंना मान्य नव्हतं. कॉलेजचं तोंड न पाहता, मशीनशी भांडत भांडत त्या हे काम शिकल्या होत्या. त्यामुळे भांडण हा त्यांना शिक्षणाचाच भाग वाटायचा.

दुकानाचा कायदा एकच: अंधुक काही बाहेर जाणार नाही. निवडणुकीला उभ्या राहिलेल्यालाही त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. “साहेब, या फोटोत तुम्हाला घरचेसुद्धा मत द्यायचे नाहीत.”

आता पाळी घरच्यांची आली. धाकट्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान उद्या उघडायचं होतं, आणि बोर्डावर आई हवी होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. शिलाई मशीनवर काम करतानाचा तिचा एवढा एकच फोटो, तोही घरच्या ग्रुपवर या फोनातून त्या फोनात फिरून आलेला. फोनवर कसा आरशासारखा. ताईंनी तो दाराएवढा केला, तर आईच्या तोंडावर फरशी बसवल्यासारखे चौकोन.

“थोडा ओढा की,” धाकटीचा नवरा, म्हणजे ताईंचे मेहुणे, म्हणाले.

“चादर आहे का ओढायला? यात ठिपकेच मोजके. फोनला पुरतात, बोर्डाला कुठून आणू?”

“आईशिवाय उघडायचं नाही मला,” धाकटी म्हणाली.

मेहुणे हरणारे नव्हते. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो काढला. “बघा ताई, फाईल केवढी भारी झाली.”

झाली होती खरी. त्यात चौकोन होतेच, वर पडद्याच्या रेघा, आणि आईच्या खांद्यामागे पडद्यात उमटलेलं मेहुण्यांचं टक्कल चमकत होतं.

“वा. जावयासकट छापते आता.”

मूळ फोटो दादाकडे होता. दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ, फोटोग्राफर. एका लग्नात चारचौघांत त्याने ताईंच्या छपाईला ‘बरी आहे’ म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद.

धाकटीने फोन स्पीकरवर टाकला.

“त्याला सांग, मूळ फाईल हवी,” ताई भिंतीला म्हणाल्या.

“तिला सांग, पाठवतो,” फोन म्हणाला.

फोटो आला. ग्रुपवरच. तेच चौकोन.

“सांग त्याला, ग्रुपवर फोटो चेपून येतो.”

“विचार तिला, मग पाठवू कसा?”

ताईंचा धीर मुळातच आखूड. त्यांनी फोन हिसकावला. “अरे दादा, जन्म कॅमेऱ्यात घालवलास आणि हे मला विचारतोस? ईमेल कर. कापू नकोस, लहान करू नकोस, कॅमेऱ्यातून निघाला तसा पाठव.”

“हां,” दादा म्हणाला, “आता कसं नीट ऐकू आलं.”

फाईल आली. मोठी करत गेल्या तरी आई आईच राहिली. सुईतला दोरा दिसला, चष्म्याच्या तुटक्या काडीला गुंडाळलेला धागाही दिसला. धाकटी डोळे पुसायला लागली. ताईंना अचानक शाई तपासायची आठवण झाली.

सकाळी बोर्ड चढला. दादा मान वर करून बघत उभा राहिला.

“छपाई...”

“विचार करून बोल.”

“चांगली आहे.”

तेवढ्यात मेहुणे फोन नाचवत आले. तीच अवजड फाईल त्यांनी नव्या दुकानाच्या वेबसाईटवर चढवली होती. पान उघडेना. आई भुवयांपर्यंत उतरून अडकली होती.

“अहो, तिथे लहान करून टाकायची,” दादा आणि ताई एकाच दमात ओरडले, आणि मग दोघांनी मिळून मेहुण्यांना असं काही धारेवर धरलं की पहिलं गिऱ्हाईक दारातच थबकलं.