उतार बघायला ओतलेली बादली

"ताई, डायनिंग रूमच्या छतातून पाणी येतंय!"

अस्मिताने हे गॅरेजच्या दारातून ओरडून सांगितलं तेव्हा मी इलेक्ट्रिक पॅनलचं झाकण काढून आत डोकावत होते.

"येतंय म्हणजे? ठिबकतंय की वाहतंय?"

"तुम्ही आधी या ना!"

गेले. वाहत होतं. छताच्या दिव्याच्या कडेने चांगली धार लागली होती आणि खाली लाकडी फ्लोअरवर थारोळं साचलं होतं. वीस मिनिटांपूर्वी मी याच छताला मॉइश्चर मीटर, म्हणजे भिंतीतली ओल मोजायचं यंत्र लावलं होतं आणि ऐटीत 'ड्राय' अशी नोंद केली होती.

दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. बाथरूममध्ये अस्मिताचे बाबा उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात रिकामी बादली, नजर जमिनीवर.

"उतार पाहत होतो मॅडम," ते म्हणाले. "उतारच नाही काढला यांनी. पाणी जाते तरी कुठे?"

"डायनिंग रूममध्ये, काका."

मी होम इन्स्पेक्टर आहे. अमेरिकेत, अल्फारेटा शहरात आणि आसपास घर विकत घेणाऱ्यांसाठी ते आधी तपासून देते. याआधी बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची सवय तिथेच लागली, फक्त इथे त्यासाठी शिडी लागते.

अस्मिता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मूळची नागपूरची. तिला टाउनहाउस घ्यायचं होतं. म्हणजे आपलं रो-हाउस: एका रांगेत सहा घरं, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे रुमालाएवढं गवत. गल्ली इतकी शांत की कुत्रासुद्धा भुंकायच्या आधी परवानगी घेत असावा. याआधी तिच्या चार ऑफर गेल्या होत्या. ही पाचवी, आणि ही लागली होती, म्हणजे घर विकणाऱ्याने मान्य केली होती.

घाई बाबांमुळे होती. ते पाच आठवड्यांनी नागपूरला परत जाणार होते. सरकारी बांधकाम खात्यात डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारती बांधल्या आणि स्वतः क्वार्टरमध्ये राहिले, नंतर भाड्याने. अस्मिताची आई तर स्वतःच्या घराची वाट बघतच गेली. लेकीच्या घराचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडायचं आणि मगच विमानात बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळी दारात भेटले तेव्हा "जय भीम मॅडम" म्हणाले, मीही "जय भीम काका" म्हटलं, आणि लगेच त्यांनी दाराची चौकट बोटांनी ठोकून पाहिली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्यांची चूक मला समजत होती. आपल्याकडे बाथरूम पास करायची हीच तर रीत आहे. बादलीभर पाणी ओतायचं. सरळ जाळीकडे गेलं तर पास, कोपऱ्यात थांबलं तर कॉन्ट्रॅक्टरने फरशी उखडायची. काकांनी अशा किती फरश्या उखडायला लावल्या असतील कोण जाणे. पण अमेरिकन बाथरूमच्या जमिनीत जाळी नसतेच. पाणी फक्त टबात, जमीन कोरडी. ती पुसायची असते, धुवायची नाही. टेस्ट अगदी बरोबर होती, फक्त खंड चुकला होता. बादली सफाईवाले गॅरेजमध्ये विसरून गेले होते, आणि काकांना ती बरोबर सापडली.

आम्ही तिघांनी मिळून पाणी टिपलं. काका सारखे "अरे बाप्पा, काय करून ठेवलं मी" म्हणत होते, आणि ते ऐकवत नव्हतं.

मी अस्मिताच्या एजंटला, सचिनला फोन लावला. मूळचा डोंबिवलीचा, इथे वीस वर्षं.

"टेन्शन नको घेऊस यार," तो म्हणाला. "रिपोर्टमध्ये लिही, लीक ऑब्झर्व्ड. संपला विषय. उलट आपणच रिपेअर मागू."

"लीक नाहीये सचिन. बादली आहे."

"बादली कोणी पाहिली?"

खरं सांगते, मी क्षणभर विचार केला. काम करताना घराचं नुकसान झालं तर जबाबदारी माझी असते, आणि या धंद्यात नाव एकदा गेलं की गेलं. काका मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, मी ओतलं म्हणून लिहा," ते म्हणाले. "नाव टाका माझं. कॉन्ट्रॅक्टरले खोटं बिल नाही लिहू दिलं कधी, आता माझ्यासाठी तुम्ही लिहाल का?"

लिहिलं. मग घर विकणाऱ्याची एजंट ब्रेंडा आली. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते, त्यामुळे इथे ती जरा सौम्य वाटेल. आधी छताचे फोटो काढले. मग काकांचाही काढायला गेली, तेव्हा अस्मिता मध्ये उभी राहिली.

"हे बघ," ब्रेंडा म्हणाली, "माझ्या क्लायंटला मी शांत करू शकते. पण मग घर जसं आहे तसं घ्यायचं. एकही रिपेअर मागायची नाही. आज लिहून द्या."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ऑफर लागल्यावर काही दिवसांची मुदत मिळते, तिला ड्यू डिलिजन्स म्हणतात. त्या मुदतीत घर तपासायचं, विकणाऱ्याकडून रिपेअर मागायची, नाहीतर सरळ निघून जायचं. अस्मिताचे तीन दिवस उरले होते. ब्रेंडाला ते तिच्याकडून एका सहीत काढून घ्यायचे होते.

"देते सही," अस्मिता मला बाजूला घेऊन म्हणाली. "ताई, हे गेलं तर बाबा असेच परत जातील. आणि जन्मभर म्हणत राहतील की माझ्यामुळे गेलं."

माझ्या रिपोर्टप्रमाणे घर चांगलंच होतं. सही कर म्हणायला हरकत नव्हती.

नको म्हणाले ते काका. "आधी छत उघडा. आत पाणी आहे. झाकलेल्या कामावर सही नसते करायची, बेटा." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मराठीचा गंध नसलेल्या ब्रेंडानेही कागद पर्समध्ये ठेवला. छत तर कसंही उघडावंच लागणार होतं. इथली छतं ड्रायवॉलची, म्हणजे दोन पुठ्ठ्यांमध्ये भरलेलं प्लास्टर. ते भिजलं आणि तसंच राहिलं की बुरशी धरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत उघडायला माणूस आला. त्याने दिव्याभोवती चौकोन कापला, टॉर्च मारला आणि हळूच शीळ घातली. मी शिडीवर चढले. टबाच्या बरोबर खालचं प्लायवूड काळं पडलं होतं. स्क्रूड्रायव्हर लावला तर शिऱ्यात चमचा जावा तसा आत गेला. वर्षानुवर्षं शॉवरचं पाणी टबाच्या कडेने खाली झिरपत होतं. आणि कुजलेल्या भागाला कोणीतरी खालून नवी लाकडी पट्टी ठोकून छत पुन्हा बंद केलं होतं, रंग दिला होता. बाथरूममध्ये वरून छान नवं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं फ्लोअर घातलं होतं. टबाच्या कडेला फट आणि खाली कुजलेलं लाकूड, म्हणूनच काकांचं पाणी इतक्या झटपट खाली आलं.

ते फ्लोअर माझ्या पायाखाली किंचित दबलं होतं. नवं व्हिनाइल दबतं कधीकधी, असं म्हणून मी 'गुड कंडिशन' लिहून पुढे गेले होते. शिडीवर उभी असताना मला मनापासून लाज वाटली. पंधरा हजार पायऱ्या चढलेली बाई, हातात मीटर, गळ्यात कॅमेरा, आणि खोट काढली कोणी तर एका बादलीने.

काका खालून विचारत होते, "काय दिसते मॅडम?"

"तुम्हीच या वर काका. तुमचंच काम आहे हे."

ते चढले. ती पट्टी बोटांनी ठोकून पाहिली. खाली उतरून एवढंच म्हणाले, "हा कॉन्ट्रॅक्टर मला भेटायला पाहिजे होता."

ब्रेंडा दुपारी आली तेव्हा तिचा आवाज साखरेत घोळलेला होता. लाकडी पट्टीचा फोटो मी तिला आधीच पाठवला होता. कोणाला काय माहीत होतं हे तिने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तिने मुकाट्याने सगळं विकणाऱ्याच्या खर्चाने करून द्यायचं लिहून दिलं: प्लायवूड नवं, आधाराची लाकडं नवी, छत नवं, आणि काम झाल्यावर मी पुन्हा तपासणार. रिपोर्टमध्ये मी काकांची बादली ठेवली, कूज घातली, आणि माझं आदल्या दिवशीचं 'ड्राय'सुद्धा खोडलं नाही. सचिन म्हणाला, "ते तरी काढ ना यार, बाई." नाही काढलं.

काम रखडत रखडत झालं. काकांच्या विमानाला तीन दिवस उरले असताना अस्मिताच्या हातात किल्ली आली. तिने ती बाबांना दिली. कुलूप नवं होतं, तिसऱ्या प्रयत्नात उघडलं. फर्निचर यायचं होतं. तिन्ही रात्री ते जमिनीवर गादी टाकून झोपले, आणि अस्मिता सांगते की घोरणं सामाईक भिंतीपलीकडे जात होतं.

आता माझा धडा. मीटरने खोटं सांगितलं नव्हतं. घर पाच महिने रिकामं होतं, त्यामुळे सगळं वाळून खडखडीत झालं होतं. जिथे कोणी अंघोळ करत नाही तिथे काहीच गळत नाही. तेव्हापासून मी रिकाम्या घरात पाऊल ठेवल्यावर एजंटला पहिला प्रश्न हाच विचारते, "या घरात शेवटची अंघोळ कधी झाली?" बहुतेक जण दचकतात. काही हसतात. आणि जो उत्तर द्यायला जरा जास्त वेळ घेतो, त्याच्या घरातल्या टबापाशी मी पायाचा अंगठा दाबत जरा जास्त वेळ उभी राहते.