ज्या महिन्यात शेंगा नसतात

मामा गेल्याची बातमी मला बेकरीत कळली. त्या शुक्रवारी माझा शेवटून दुसरा पेपर होता. सकाळी निघताना मामाने दोनदा बजावलं होतं की येताना रोह्याच्या बेकरीत सांगून ये, रविवारी सकाळी आठ ब्रेड हवेत, अख्खे, न कापलेले. मशीनने कापलेला ब्रेड त्याला चालत नसे. पेपर देऊन मी बेकरीत गेले आणि सांगायला लागले. बेकरीवाल्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "तू निडीच्या नारायणरावांची भाची ना? तुला घरून कोणी कळवलं नाही?" मी नाही म्हटलं. मग त्याने सांगितलं... सकाळी मी स्टेशनवर पोचले असेन नसेन, तेवढ्यात मामाच्या छातीत कळ आली होती आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. निडीचा एक माणूस दुपारी पाव न्यायला आला होता, त्याच्याकडून बेकरीवाल्याला कळलं. माझा पेपर होईपर्यंत मला फोन करायचा नाही, असं मामीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बोलता बोलता तो विचारून गेला, "मग ब्रेडचं कसं करायचं?" आणि लगेच त्याने जीभ चावली. मी म्हटलं, "आठच. न कापलेले." असं का म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही.

माझे आईवडील जित्याजवळच्या गावात राहतात. भातशेती आणि त्यामागून वाल, एवढंच आमचं. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. रोह्याच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं तेव्हा मामा म्हणाला, पोर माझ्याकडे निडीला राहील. नारायणमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो कंपनीत होता. लहानपणापासून मी एवढंच ऐकत आले होते, "नारायण कंपनीत हाय." कंपनीत काय करतो, ते आई कधी सांगत नसे. मामाच्या लग्नाच्या वेळी तर तिने मुलीकडच्यांना तो सुपरवायझर आहे असं सांगून टाकलं होतं. मामी अजून ते ऐकवते. "सुपरवायझर म्हनून गाठ बांधली, आन चौथ्या दिवशी मना म्हनतो, सर बाजूला, कांदा करपला."

खरं म्हणजे मामा कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये कूक होता. आजोबांना ते बायकी काम वाटायचं. पुरुषाने चुलीपुढे बसायचं म्हणजे काय, असं ते म्हणत. आजोबा गेले, पण आईच्या मनातून ते गेलं नाही. पहिल्या वर्षी मी कॉलेजचा फॉर्म भरत होते. पालक म्हणून मामाचं नाव लिहिलं आणि व्यवसायाच्या रकान्यात, आईचं ऐकत आलेली मी, 'कंपनीत नोकरी' असं लिहिलं. मामाने फॉर्म हातात घेतला, चष्मा लावला, वाचला. म्हणाला, "कंपनीत तर गेटवरचा कुत्रापन हाय. कूक लिव." मी खोडून तसं लिहिलं. तो पुन्हा म्हणाला, "अक्षर मोठं काढ."

गेस्ट हाउसमध्ये मशीन बसवायला परदेशी इंजिनीअर येत. त्यांच्यासाठी मामा एक सँडविच करायला शिकला. त्यांच्याकडे त्यात गाईबैलाचं मांस असतं म्हणे. मामाने ते बोकडाच्या मागच्या पायावर बसवलं. पाय मिरपूड, लसूण, मीठ चोळून ठेवायचा, मंद ओव्हनमध्ये दुपारभर भाजायचा, गार झाला की कागदासारखे काप काढायचे. ब्रेडला लोणी, वाटलेली मोहरी, त्यावर मटणाचे काप, त्यावर चीज. मग चंदेरी कागदात गुंडाळून पुन्हा ओव्हनमध्ये, चीज वितळेपर्यंत. एका इंजिनीअरने एका बैठकीत पाच खाल्ली होती आणि जाताना मामाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला होता. तो फोटो मामाच्या पाकिटात होता, रेल्वेच्या पासच्या मागे. कंपनीतल्या इतक्या साहेबांनी जे खाल्लं ते आपल्या माणसांपैकी एकानेही खाल्लं नाही, ही त्याची सल होती. त्यातही 'आपली माणसं' म्हणजे मुख्यतः माझी आई, हे मला पुढे कळत गेलं. तिने एकदा ते सँडविच खावं आणि कूकचं काम हे काम आहे असं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मामा निवृत्त झाला त्या दिवशीची एक गोष्ट सांगायला हवी. निरोप समारंभ झाला, नारळ झाला, गुच्छ झाला, भाषणं झाली. संध्याकाळी मामा घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात ओव्हनचा जाड हातमोजा तसाच होता. समारंभाला बोलवायला माणूस आला तेव्हा तो ओव्हनमधून ट्रे काढत होता. उजव्या हातातला मोजा तिथेच राहिला, डाव्या हातातला काढायचं तो विसरला आणि तो घालूनच त्याने साहेबांकडून गुच्छ घेतला. "गेटवर पिशवी तपासली," मामा सांगायचा, "हाताकडं कुनी बघितलंच नाय." दुसऱ्या दिवशी परत करायला जायचं म्हणत तो कधीच गेला नाही. पुढे तो मोजा सगळ्या कामांना लागला. चहाचं पातेलं उतरवायला, फणस फोडायला, थंडीत मोटारसायकल चालवायला. एक हात गरम राहिला तरी पुरे, असं त्याचं म्हणणं होतं.

निवृत्तीनंतरच्या जानेवारीत मामाने जाहीर केलं की यंदाची पोपटी आपल्याकडे. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, कोंबडी गच्च भरतात, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. त्यात पाण्याचा थेंब नसतो, सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. तीच आमची पोपटी. मामाकडे ओव्हन नव्हता, आणि त्याच्या डोक्यात आलं की मडकं म्हणजे ओव्हनच की. बोकडाचे दोन पाय त्याने आदल्या दिवशी मोठ्या टोपात, झाकणावर निखारे ठेवून भाजले. सकाळपासून तो काप काढत होता. दुपारपर्यंत चाळीस सँडविचं चंदेरी कागदात गुंडाळून चार मडक्यांत पाल्यावर रचून झाली. त्या मडक्यांत शेंग एकही नव्हती. मग तो आंघोळीला गेला, कारण त्याला गेस्ट हाउसचा पांढरा कोट घालायचा होता.

आई-बाबा जित्याहून सकाळीच आले होते. आईने मडक्यांत डोकावून पाहिलं. चौकोनी पुड्या, भोवती सगळी मोकळी जागा. तिचा चेहरा उतरला. "मडकं असं अर्धं ठेवतात काय?" ती मला म्हणाली. "पोपटीला बोलवलं आन पाव वाढला म्हनतील. हसतील गो त्याला." तिने आणलेली शेंगांची पाटी माझ्या हातात दिली आणि भराभर सगळ्या फटींत शेंगा कोंबल्या, वर मीठ, वर ओवा. चारही मडकी गच्च. "मामाला बोलू नको," ती म्हणाली. मी बोलले नाही. पाटी मीच धरली होती, हेही इथे लिहिलं पाहिजे.

संध्याकाळी शेतात भावकीतली आणि शेजारची मिळून तीसेक माणसं जमली. मामा पांढऱ्या कोटात, डाव्या हातात मोजा, मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज येतो का ते ऐकत होता. पहिलं मडकं त्याने ताडपत्रीवर पालथं केलं, आणि थांबला. हिरव्या शेंगांचा ढीग पडला आणि त्या ढिगात फुगलेल्या, सुटलेल्या चंदेरी पुड्या. ओल्या शेंगांची सगळी वाफ ब्रेडमध्ये शिरली होती. मामाने पहिली पुडी शेजारच्या पांडूतात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती उघडली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "नारायणा, ह्यात पाव कुठला आन कागद कुठला?" पण तोवर कोणीतरी शेंग तोंडात घातली होती. सगळं चीज वितळून शेंगांवर उतरलं होतं, मटणाचा रस त्यात मुरला होता, वर ओवा. मग काय विचारता... माणसं तुटून पडली. बोटं चाटत होती, सालं चोखत होती. "काय शेंगा झाल्यात रं!" ब्रेडचा लगदा पाल्याखाली तसाच राहिला. मामाने एक शेंग उचलून बराच वेळ पाहिली. मग एवढंच म्हणाला, "घड्या चुकल्या माझ्या. कागद सुटला." आई अगदी मन लावून एक शेंग सोलत होती. मी अंधार पडायची वाट पाहत होते.

त्या दिवसापासून निडीत मामा 'चीजच्या शेंगावाला' झाला. स्टेशनवर बायका थांबवून कृती विचारत. कोणाकडे पाहुणे आले की निरोप येई, नारायणला सांगा त्या शेंगा करायला. अठ्ठावीस वर्षं सँडविच केलेला माणूस, आणि प्रसिद्ध झाला तो अशा पदार्थासाठी जो त्याने केलाच नव्हता. तो हसायचा, पण घरी आला की घड्यांचा सराव करायचा. तोच एक चंदेरी कागद, चमच्याच्या पाठीने घासून सरळ करायचा, त्यात वहीचा पुठ्ठा गुंडाळायचा आणि पाण्याच्या बादलीत बुडवून बघायचा. पुठ्ठा कोरडा निघाला की मला हाक मारून दाखवायचा. मी अभ्यासाचं पुस्तक धरून मान हलवायचे. प्रत्येक वेळी खरं सांगावं असं वाटायचं, आणि मग आईचा चेहरा आठवायचा.

मार्चमध्ये त्याने तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून, आत जाळी बसवून ओव्हन तयार केला आणि म्हणाला, तुझा शेवटचा पेपर शनिवारी ना, मग रविवारी सगळ्यांना बोलवू. एप्रिलच्या उन्हात कोण येणार, असं मी म्हटलं. पुढच्या थंडीत करू की. मामा त्या वेळी चहा उतरवत होता, हातात मोजा होता. "एप्रिलच बरा," तो म्हणाला. "एप्रिलात वाल नसतात." त्याने चहा गाळला, माझ्यापुढे कप ठेवला. "शेंगा काय चालत जातात काय गो मडक्यात? मी सगळी मडकी हातानं भरलेली. पन आक्काला बोलू नको. तिला वाटतं, मना ठाऊक नाय." मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "ती माझ्यासाठीच घाबरली व्हती. पन ह्या वेळी तिला घालायला काय गावनार नाय."

शुक्रवारी संध्याकाळी माझ्यासाठी थांबून मामाला नेलं. शनिवारी मी पेपर दिला. मामीनेच मला घराच्या दारापर्यंत आणून सोडलं, म्हणाली, पेपरला जा, त्याला विचारलं असतंस तर तोही हेच म्हणाला असता. आणि रविवारी सकाळी बेकरीवाला स्वतः मोटारसायकलवर आठ ब्रेड घेऊन दारात उभा राहिला. सूतकात चूल पेटलेली नव्हती, भेटायला माणसांची रीघ लागली होती. शेजारणींनी चहा केला. पांडूतात्यांनी ब्रेड कापला, जाडाभरडा, वाकडा, आणि सगळ्यांना चहाबरोबर वाटला. "नारायणानं बघितलं असतं तर सुरी काढून घेतली असती," ते म्हणाले. मामी हसली, त्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

तेरावं झालं, सूतक संपलं. आई निडीलाच होती. एका सकाळी तिने मला उठवलं आणि म्हणाली, रोह्याला चल. बेकरीत ती काउंटरपुढे उभी राहिली. बेकरीवाल्याने काय हवं ते विचारलं. आई म्हणाली, "माझा भाऊ कूक व्हता. तो न्यायचा तो ब्रेड द्या." बेकरीवाल्याने अख्खे दोन ब्रेड काढून दिले. आईने ते पदराखाली धरूनच घरी आणले.

बोकडाचा पाय मी चोळला, मामीने भाजला, काप माझ्याकडून जाडच निघाले. घड्या मात्र मी मामासारख्या घातल्या, त्या इतक्या वेळा पाहिल्या होत्या. डब्याचा ओव्हन परसात पेटवला. जाळी काढायची वेळ आली तेव्हा आईने खुंटीवरचा मोजा घेतला. तिला सवय उजव्या हाताची. डावा मोजा तिने उजव्या हातात घातला, त्यामुळे त्याचा अंगठा भलतीकडेच उभा राहिला. तशीच तिने जाळी ओढली. मग ओट्यावर बसून एक पुडी उघडली. ब्रेड कुरकुरीत होता, कुठेही ओल नव्हती. आईने ते पूर्ण खाल्लं, शेवटच्या तुकड्यापर्यंत, आणि कागद मांडीवर ठेवून बोटाने सरळ करत राहिली.

"शेंगा मी घातल्या व्हत्या," ती म्हणाली. "त्याला सांगायचं राहिलं."

मामाने बोलू नको म्हटलं होतं... पण मी बोलले. "त्याला ठाऊक होतं, आई. म्हणून तर एप्रिल धरला."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे पाहिलं. मामीने मान हलवली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आईला आधी हसू आलं, मग ते तिला आवरेना, आणि मग ती मोज्यानेच डोळे पुसत राहिली. बऱ्याच वेळाने तिने दुसरी पुडी उघडली. "चांगलं केलंन," ती म्हणाली, जणू ते मी नाही, त्यानेच केलं होतं. "पन दोन शेंगा पायजे व्हत्या."

मोजा तिने परत खुंटीवर लावला. अंगठा अजून उलट्या बाजूलाच वळलेला आहे. मामी तो सरळ करत नाही, आणि मीही केलेला नाही.