रास अल खैमात सापडलेली खरवड

आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला आली होती. परत जायला आठ दिवस उरले, तरी तिने माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता. गेल्या वर्षीच्या तापात तिला वास येणं बंद झालं, आणि वासाबरोबर चवही गेली. अलिबागकडची बाई ही. तिच्या हातच्या कोळंबीभातासाठी नातेवाईक स्वतःहून फोन करून यायचे. तापानंतर एकदा तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि आम्ही सगळे मुकाट्याने जेवलो. ते तिला नंतर कळलं. त्या दिवसापासून तिने डाव हातात धरला नाही, आणि मला अजून त्याची बोच आहे.

तिने एक तरी जेवण मनापासून जेवावं, एवढंच मला हवं होतं. समुद्रकाठच्या एका स्पॅनिश हॉटेलचं नाव निखिलने, माझ्या नवऱ्याने, ऑफिसात ऐकलं होतं. "यल्ला, शनिवारी रास अल खैमा!" म्हणत त्याने टेबल बुकसुद्धा करून टाकलं.

जाणार असाल तर ३११ नंबरचा रस्ता धरा आणि शारजा सकाळी लवकर मागे टाका. दीड तासात पोचता. वाटेत पेट्रोल पंपावरचा कडक चहा घ्याच. हिवाळ्यात बाहेरचं टेबल मागा. आणि बसल्या बसल्या आधी पाएया सांगून टाका. हा त्यांचा पसरट लोखंडी कढईतला मासळीचा भात, त्याला चांगली चाळीस मिनिटं लागतात. दोघांचा एकशे ऐंशी दिरहमला.

"म्हणजे चार हजारांच्या वर? भाताला?" आई म्हणाली. तिचा जुना आवाज क्षणभर ऐकू आला, मला बरं वाटलं.

आधी लसणाच्या तेलात चरचरणारी कोळंबी आली. "छान आहे," आई म्हणाली. मग उकडलेला ऑक्टोपस आला, खाली बटाटे, वर लाल तिखट आणि जाड मीठ. "छान आहे." याच आवाजात ती मेट्रोलाही छान म्हणाली होती. ती आमच्यासाठी जेवत होती, आणि आपण हिला उगाच इथवर आणलं असं वाटून मला रडू यायला लागलं.

मग पाएया आला. शिंपले, कोळंबी, माकूल, वरचं सगळं वाढून झालं आणि मल्याळी वेटर चमच्याने कढईचा तळ खरडू लागला.

आईची मान वर झाली. "खरवड आहे?"

"अम्मा, यही तो बेस्ट पार्ट है," असं म्हणत त्याने पहिला पापुद्रा तिच्याच ताटात ठेवला. तिने तो हाताने उचलला, दाढेखाली धरला आणि कुरकुर आवाज करत डोळे मिटून खाल्ला. मग ताट पुढे केलं. "अजून आहे का रे?"

"आजी, दॅट्स बर्न्ट!" आमची इरा किंचाळली.

"तू खाऊच नकोस. खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो."

"डिड इट रेन ॲट मम्माज वेडिंग?"

"पडला ना. जानेवारीत! मांडव भिजला."

आता मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं. सगळ्यांना वाढून आई मागे उरलेलं करपलेलं खाते, म्हणून लहानपणी माझा जीव तुटायचा. चौथीतल्या 'माझी आई' निबंधात मी तिचा हा त्याग लिहिला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

"कसला त्याग?" आई म्हणाली. "मला आवडायची खरवड. तुम्ही मागू नये म्हणून ते पावसाचं सांगायचे."

निखिल हसून हसून लाल झाला. मी हसता हसता रडले.

निघताना तिने वेटरला विचारलं, "ये बराबर कब हुआ, कैसे समझता है?" त्याने आतून आचाऱ्यालाच बोलावलं. पांढऱ्या दाढीच्या त्या स्पॅनिश माणसाने कढईकडे आणि मग स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. "अम्मा, ये कान से पकाता है," वेटर म्हणाला. "पाणी आटलं की आवाज बदलतो," आई माझ्याकडे वळून म्हणाली, जणू तिला ते आत्ताच आठवलं.

त्या सहलीतला ऑक्टोपस मी विसरेन. रविवारची सकाळ विसरणार नाही. आई माझ्या स्वयंपाकघरात आली, नॉनस्टिक भांडी बघून म्हणाली, "याला काय डोंबल खरवड धरणार?" आणि निखिलला जाड बुडाचं पातेलं आणायला पिटाळलं. कोळंबीभात रटरटायला लागल्यावर तिने चमचाभर रस माझ्यापुढे धरला.

"मीठ बघ. आणि या वेळी खरं सांग."

मी घोट घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खारट झालंय, आई."

"बरं," ती म्हणाली आणि वाटीभर नारळाचं दूध ओतलं. मग झाकण ठेवून, गॅस बारीक करून ती कान देऊन उभी राहिली. बंद करायला सांगेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही.

खरवड तिने कोणालाही दिली नाही.