साट्याची शिडी

बैल गेले म्हणून गाडी रिकामी झाली, आणि गाडी रिकामी झाली म्हणून आमची शिडी झाली. नाहीतर आमच्या वडिलांनी गाडीच्या साट्याला, चाकांवरच्या लाकडी सांगाड्याला, कुणाला बोट लावू दिलं नसतं.

बाहत्तर सालच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव पारनेर तालुक्यात, माळावरचं. एक बैल छावणीत नेला, तो तिथं बसला तो पुन्हा उठला नाही. दुसरा वडिलांनी बाजारात नेला आणि नुसता कासरा घेऊन परत आले. कुणाला दिला ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. घरातली मोठी माणसं सगळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, गोड पिठाचा कोरडा खाऊ. घरी रेशनच्या लाल मिलोची, परदेशी ज्वारीची भाकर, ती थापताना फुटायची आणि गिळताना घशाला लागायची. तीही सगळ्यांना पुरायची नाही.

त्या हिवाळ्यात कळलं, उन्हाळ्याच्या तोंडाला नगरला फौजेची भरती निघणार. मला भरती व्हायचं होतं. देशासाठी वगैरे मी म्हणणार नाही, ते नंतर शिकलेली माणसं म्हणतात. फौजेत दोन वेळचं जेवण होतं. मी गेलो की घरच्या भाकरीतला माझा वाटा दोन्ही धाकट्या बहिणींच्या ताटात पडणार होता. आणि माझं वय काठावर होतं. ही भरती हुकली की पुढच्या भरतीला मला दारातूनच हाकललं असतं. म्हणजे जे काय व्हायचं ते एकदाच.

गावाबाहेर बांधावर एक हवालदार राहायचे. आदल्या साली लढाईतून परत आले ते उजवा पाय गुडघ्यापासून तिथंच ठेवून आले. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मी त्यांच्याकडं गेलो तर म्हणाले, "पळायचं मला सांगू नको. उपाशी कुत्रंबी पळतंय. औंदा भरतीत आडवी शिडी हाय. डोक्याच्या वर लोखंडाच्या नळ्या, लोंबकळत एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जायचं. मदी पाय भुईला टेकला की घरी."

"मग शिकवा की मामा."

"कशावर शिकवू, तुज्या मिशीवर? शिडी आन आदी."

लोखंड कुठून आणणार. मी वडिलांना साटा मागितला. त्यांनी साट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "गाडीचं हाड मागतुयास तू."

हवालदार कुबडीवर टेकून बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "हाडच हाय पाटील. मास गेलंच की कवाच."

वडिलांनी चाकाकडं बघितलं आणि घरात निघून गेले. तोच होकार समजून आम्ही साटा उचलला. फळ्या काढून टाकल्या. खडीच्या कामावर कुदळी आणि टिकाव रोज मोडायचे, त्यांचे दांडे मी गोळा करून आणले आणि आडवे ठोकले. चार बाभळीचे खांब पुरून त्यांच्यावर साटा आडवा बांधला. हात वर करून टाचा उचलल्या की दांडा हाताला लागावा एवढा उंच.

आता असा साटा चार खांबांवर आडवा दिसला की माणसाला काय आठवणार? गावातले म्हातारे येता-जाता म्हणायचे, "तिरडी बांधलीया का काय रं? आडवं व्हायच्या आदीच लोंबकाळाय लागली पोरं." हसायचे. आमच्या आईला मात्र ते हसणं सोसायचं नाही. ती त्या बांधाच्या वाटेनं जायची सोडली. पाण्याला लांबचा वळसा घालून जायची, पण शिडीकडं तिनं कधी बघितलं नाही.

शिकणारे आम्ही दोघं. दुसरा बौद्धवाड्यातला, माझ्याच वयाचा, अंगानं काटक. खडीच्या कामावर आम्ही शेजारी बसायचो, तिथंच त्यानं विचारलं, "मी आलो तर चालंल का?" मी म्हणालो, मामांना विचार. मामा म्हणाले, "हात हायेत का दोन? मंग ये." गावात कुजबुज झाली. पण बांध गावाबाहेर, आणि हवालदाराच्या तोंडी कोण लागणार.

पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हाला नुसतं लोंबकळायला लावलं. पुढं जायचं नावच नाही. हात भरून यायचे, बोटं आपोआप उघडायची. मी दातओठ खाऊन धरायचो, तर कुबडी बरगडीत बसायची.

"खांदं कानाला चिटकावतुयास कशाला? खाली घे. खांद्यानं धर. बोटं नुसती आकडा हायेत."

मग झोका शिकवला. कमरेतून अंग पुढं सोडायचं, अंग पुढं गेलं की त्याच भरात मागचा हात सुटून पुढच्या दांड्यावर. मी ताकदीचा. मी दरवेळी कोपरात हात वाकवून स्वतःला वर ओढायचो आणि मग दुसरा दांडा धरायचो. निम्म्यात दम संपायचा. तो माझा जोडीदार ओढायचाच नाही. झुलायचा. वानरासारखा इकडून तिकडं, परत तिकडून इकडं.

"बघ," हवालदार मला म्हणायचे. "तू दांड्यासंगं भांडतुयास. दांडा तुजा भाऊबंद न्हाई. झोक्यात हात सोड. थांबलास की मेलास."

मला त्याचा राग यायचा. दोघांचाही यायचा. माझं डोकं असलंच, मी ऐकणारा माणूस नाही. पण अंग ऐकत गेलं. एका सकाळी झोका लागला आणि मी पलीकडं कसा पोचलो ते माझं मलाच कळलं नाही. परत फिरून आलो. उतरलो तेव्हा जोडीदार म्हणाला, "आता वानर झालास. शेपूट तेवडं ऱ्हायलं."

हाताचे घट्टे खडीनं आधीच दगड झाले होते. त्यांच्यावर आम्ही चुलीतली कोरडी राख चोळायचो. हवालदारांनी बजावून ठेवलं होतं, "राख न्हाईतर कोरडी माती. दुसरं काय बी हाताला लागता कामा नये. लोखंड लाकडासारखं नसतं. लाकूड घाम पितं, लोखंड पीत न्हाई."

भरतीच्या आदल्या दिवशी तालमीतून बोलावणं आलं. मी लहानपणापासून तालमीत खेळलेला. आमच्याकडं पैलवान मोठ्या कुस्तीला निघाला की आखाड्याच्या हौदातली लाल माती फडक्यात बांधून देतात. ती कपाळाला आणि हाताला लावून उतरायचं. गावाचं बळ मागं आहे म्हणून. ती माती साधी नसते, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू मुरवलेलं असतं. पण त्या साली ताक कुठलं? गुरंच नव्हती. हौद कोरडा पडून भेगाळला होता. तालमीचे वस्ताद म्हणाले, "अशी मेलेली माती द्यायची न्हाई. पोरगं गावचं नाव घिऊन चाललंय." आणि त्यांनी दोन माणसं घरोघर पाठवली, तेल मागायला.

घरात फोडणीला तेल नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. तरी बाया देत गेल्या. कुणी पळीभर, कुणी बुडाशी होतं ते. आमच्या आईनंही बाटलीतून दिलं. वस्तादांनी सगळं तेल मातीत मळलं, तिचा गोळा केला आणि फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवला. फडक्यातून तेल बाहेर आलं होतं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "ह्यात सगळ्या गावाची चूल हाय बरं का. लावल्याबिगर चढू नको."

नगरला मैदानावर पोरांची ही गर्दी. सगळी आमच्यासारखीच, गालफडं बसलेली. धावण्यात आम्ही दोघं पास झालो. छाती मोजली, फुगवून भरली. मग शिडी. आमच्या साट्याच्या कितीतरी पट लांब, काळी, लोखंडी. हवालदार कुंपणाबाहेर कुबडीवर उभे होते. आम्ही रांगेत बसलो तेव्हा मी फडकं काढलं आणि जोडीदारापुढं धरलं.

"घे. लाव."

त्यानं वास घेतला. "तेल हाय ह्यात."

"गावाची माती हाय."

"तुज्या गावाची. माज्या आईकडं कोनी तेल मागाया आलं न्हाई." हे तो चिडून नाही बोलला. आज जेवण झालं नाही असं सांगावं तसं बोलला. मग म्हणाला, "गड्या, तू बी लावू नको. मामा काय म्हनालं हुतं?"

मामा काय म्हणाले होते ते मला माहीत होतं. पण घरोघरच्या त्या बाया मला माहीत होत्या. घरी गेल्यावर आई विचारणार, लावलीस का, हेही माहीत होतं. आणि एक गोष्ट खरी, मला वाटलं की एवढ्या लोकांनी आपल्या तोंडचं दिलेलं वाया जाणार नाही. असं वाटतं माणसाला. मी कपाळाला माती लावली आणि दोन्ही तळहातांना चोळली. चोळून नंतर शर्टाला हात पुसले, तेवढी अक्कल होती. पण मळलेलं तेल पुसून जात नाही, घट्ट्यांच्या भेगांत जाऊन बसतं.

जोडीदाराचा नंबर आधी आला. त्यानं मैदानातली धूळ उचलली, हात झाडले आणि उडी मारली. झुलत गेला. पलीकडच्या टोकाला उतरला तेव्हा मागं वळून त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी चढलो. पहिल्या नळ्या मी झपाट्यानं मागं टाकल्या. झोका बरोबर लागला होता, हे मी आजही सांगतो. निम्मं अंतर गेलं आणि उजवा हात नळीवरून सरकला. सुटला नाही, सरकला. बोटांच्या टोकांवर आला. मी थांबलो. थांबायचं नसतं हे ठाऊक असून थांबलो, कारण हातावर भरवसा राहिला नाही. मग घट्ट आवळलं. जितकं आवळावं तितकं बोटांतून निसटायचं, ओल्या साबणासारखं. उजवा सुटला. सगळं अंग डाव्या हातावर आलं आणि त्याचा घट्टा मुळापासून सोलून निघाला. पाय भुईला टेकले.

"बाहर," तिथला शिपाई म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. पुढचा पोरगा लगेच उडी मारून लटकला.

कुंपणाबाहेर हवालदारांनी माझा हात धरला. रक्ताकडं बघितलं नाही. दुसरा, चांगला हात नाकाशी नेला.

"तेल."

"व्हय."

"कुनी दिलं?"

"गावानं."

त्यांनी माझा हात सोडला. मी म्हणालो, "मामा, गावात बोलायचं न्हाई."

"मी कशाला बोलू? माजा पाय कसा गेला तेबी मी गावात खरं सांगितल्यालं न्हाई."

पुढचं सांगून टाकतो. जोडीदार फौजेत गेला आणि सुट्टीवर आला तेव्हा वस्तादांनी त्याला हार घालायला तालमीत बोलावलं. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि बाहेरच उभा राहिला. "हितंच घाला," म्हणाला. वस्ताद बाहेर आले. लोकांनी त्याला माझ्याबद्दल विचारलं, तो कसा पडला म्हणून. त्यानं सांगितलं, ऊन लई हुतं. पाऊस झाला, बैल आले, वडिलांनी दांडे उपटून साटा परत गाडीवर चढवला. फळ्या परत ठोकल्या, पण दांड्यांची भोकं तशीच राहिली. गाडीतून धान्य सांडायचं तरी त्यांनी ती बुजवली नाहीत. मी जन्मभर ह्याच मातीत राबलो, कुणापुढं हात पसरला नाही. गावात माझ्याबद्दल बोललं जायचं, ताकदीचा दिसायचा पण मनगटात दम नव्हता. बोलू दिलं.

पण ती संध्याकाळ राहिली सांगायची. मी घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं. मी भिंतीला टेकून बसलो. बहिणी भाकर खात होत्या, त्यांनी आपापला तुकडा जरा माझ्याकडं सरकवला. मग आई म्हणाली,

"माती लावली हुतीस?"

"व्हय."

"कपाळाला बी?"

"कपाळाला बी."

ती चुलीत फुंकत राहिली. मग माझ्याकडं न बघता बोलली, "शेजारनीनं पळी भरून दिलं. मी निम्मीच दिली. मला वाटलं, पोरींच्या भाजीला एक दिस ऱ्हाऊ द्यावं. माजंच तेल कमी पडलं रं."

मी म्हणालो, "न्हाई आई. माजं मनगट कमी पडलं."

"मनगट कसं कमी पडंल," ती म्हणाली. मग तिला माझा हात दिसला. ती उठली, फळीवरची बाटली घेतली, माझा सोललेला हात स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि बाटली त्याच्यावर उपडी धरली. तिच्यात काही नव्हतं. राखून ठेवलेलं ते निम्मं, सकाळीच बहिणींच्या भाजीला गेलं होतं. तिलाही ते माहीत होतं. तरी ती बाटली तशीच धरून, थेंब उतरतो का बघत, बसून राहिली.