डबा बारा दिवस ओट्यावर

वहिनींचा स्टीलचा डबा बारा दिवस माझ्या ओट्यावर होता. त्यातून आलेल्या बेसनाच्या वड्या मी दोन दिवसांत संपवल्या, डबा घासला, पालथा घातला आणि तिथेच राहू दिला. आमच्याकडे डबा रिकामा परत जात नाही. माझ्या नानाखेड्यातल्या फ्लॅटमधून माधव नगरला वहिनींकडे आणि तिकडून इकडे तो गेली वीस वर्षं फिरतोय, भाऊ होता तेव्हापासून. त्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं असं नाही. मला वहिनींसमोर जायचं नव्हतं, एवढंच.

भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्याच्यानंतर आम्ही दोघीच एकमेकींना. चौतीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. घरात पैशाचं काही निघालं की मला विचारायचं, हे ठरलेलं. वहिनी तर पाच हजारांची एफडी करायची असली तरी फोन करायच्या, ‘वन्सं, तुम्ही म्हणाल तसं.’ हा मान मला आवडायचा. खोटं कशाला बोलू, फार आवडायचा.

गेल्या वर्षी कुणीतरी मला व्हॉट्सॲपच्या एका गटात घातलं. गटात सगळ्या मराठी बायका, निदान नावं तरी तशी. क्रिप्टोमध्ये, म्हणजे त्या डिजिटल नाण्यांमध्ये, पैसे कसे गुंतवायचे ते तिथे शिकवायचे. रोज कुणीतरी आपल्या नफ्याचा फोटो टाकायचं आणि बाकीच्या अभिनंदन करायच्या. मी पंधरा दिवस नुसती वाचत होते. शहाणपणाचा तोरा होताच. मला कोण फसवणार, मी तर नकली नोट बोटांनी ओळखायची.

मग गट चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. आवाज तरुण, मराठी अगदी स्वच्छ. पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहून आमच्या मराठीचं काय होतं ते मी जाणून आहे. आम्ही ‘जेवून राहिले’ म्हणतो, ‘फिकर करू नका’ म्हणतो, आणि पुण्याचे नातेवाईक लग्नकार्यात आमची नक्कल करून हसतात. लहानपणापासून ते हसणं मला टोचत आलंय. ही बाई म्हणाली, ‘मावशी, इतक्या लांब राहून किती सुंदर मराठी जपलीत तुम्ही.’ त्या एका वाक्यात मी विकले गेले. पुढचं सगळं नंतर झालं, पण सौदा तिथेच झाला होता.

ती रोज सकाळी विचारायची, मावशी, चहा झाला का? एकट्या बाईला सकाळी हे विचारणारं कुणी नसतं. तरीही मी बँकवाली, परीक्षा घेतल्याशिवाय सोडणार नव्हते. दहा हजार भरले, आठवड्याने त्यातले तीन काढून बघितले. अर्ध्या तासात माझ्या बँक खात्यात आले. काउंटरवर आमचा एकच कायदा होता, बोलणं काहीही असो, हातात पडलेला पैसा खरा. त्या कायद्यावर काउंटरच्या सगळ्या वर्षांत मी एक रुपयाची तूट येऊ दिली नव्हती. समोरच्या माणसालाही तो कायदा माहीत असेल आणि मला गप्प करायला त्याने ते तीन हजार मुद्दाम दिले असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी माझे तीन लाख घातले.

नुसते माझे गेले असते तर मी हे लिहायला बसले नसते.

वहिनींचे दोन्ही गुडघे बदलायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या जिना तिरक्या होऊन उतरतात, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवले की मग पुढची. भावाने मागे ठेवलेली चार लाखांची एफडी त्यांनी ऑपरेशनसाठी राखून ठेवली होती. ती दोन्ही गुडघ्यांना पुरत नव्हती. मीच म्हटलं, सहा महिने थांबा, दुसरा गुडघाही यातच निघेल. त्यांच्या फोनवर ॲप मी टाकलं. खातं मी उघडून दिलं, गटातही मीच घातलं. पैसे पाठवायचं बटण दाबताना त्यांनी विचारलं, ‘वन्सं, हे आपल्या बँकेसारखंच ना?’

‘बँकेपेक्षा बरं,’ मी म्हटलं.

ॲपमधला आकडा वाढत राहिला. सहा महिन्यांनी हॉस्पिटलने तारीख दिली आणि आम्ही पैसे काढायला गेलो, तर ॲपने सांगितलं की आधी नफ्यावरचा कर भरा, मग पैसे सुटतील. नफ्यातूनच कापून घ्या, असं मी त्या बाईंना म्हटलं. नियमात बसत नाही, म्हणाली. मी वहिनींना सांगितलं, जरासा कर भरायचाय, मी बघते. माझी शेवटची एफडी मोडून भरला. त्यानंतर खात्याच्या पडताळणीसाठी पैसे मागितले. ते पाठवायला जे खातं दिलं ते कुठल्याशा रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचं होतं. त्याआधीचं एका टायरवाल्याचं. दर वेळी वेगळं खातं असायचं, ते मला दिसत होतं आणि मी विचारलं की ती गोड बोलून काहीतरी सांगायची. मी काउंटरवर असते तर कुणाचीही अशी स्लिप परत केली असती. एकदा केलीही होती. एक रिटायर्ड मास्तर लॉटरीच्या बक्षिसाचा कर भरायला आले होते. काका, बक्षीस घ्यायला आधी पैसे भरावे लागत नाहीत, एवढंही कळत नाही का, असं मी त्यांना रांगेतल्या सगळ्यांसमोर झापलं होतं. कपड्यांच्या दुकानाचं नाव वाचताना मला त्या मास्तरांचा चेहरा आठवला आणि मी फोन खाली ठेवला.

कळलं ते त्या दिवशी. डबा आला तोही त्याच दिवशी.

त्याच दिवशी पोलिसांकडे जायला हवं होतं, हे आता मला येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगतो. मला तेव्हाही माहीत होतं. पण तक्रार म्हणजे वहिनींना कळणार, मराठी मंडळात कळणार, पेन्शन घ्यायला जाते त्या शाखेतल्या पोरींना कळणार. मी दार लावून घरात बसले. वहिनींचे फोन येतच होते. आधी दोनदा उचलला आणि सांगितलं की सर्व्हर बंद आहे, दोन दिवसांत सुटेल. मग उचलणंच बंद केलं. आणि ज्या बाईने लुटलं तिला मात्र मी रोज मेसेज करत होते, माझे राहू द्या, निदान वहिनींचे तरी सोडा. ती उत्तर द्यायची, मावशी, काळजी नको, जेवलात का? तिच्याशी बोलल्यावर मला तासभर बरं वाटायचं. याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

बाराव्या दिवशी ओट्याकडे बघवेना. टावर चौकातून लवंगी शेव घेतली, डबा भरला आणि माधव नगरला गेले. जिना चढताना सगळं पाठ करत होते, आधी माफी मागायची, मग बाकीचं.

वहिनींनी हसत दार उघडलं. ‘या वन्सं. किती दिवस झाले, मला फिकर लागून राहिली होती.’ डबा माझ्या हातून घेतला तेव्हा त्यांच्या हातात पाटल्या नव्हत्या. मनगटं सुजली असतील म्हणून काढल्या असतील, असं मला वाटलं.

मी म्हटलं, ‘वहिनी, त्या पैशांचं बोलायचंय.’

‘माहीत आहे मला,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका. झालं ते काम.’

‘कसलं काम?’

‘तुम्ही फोन उचलत नव्हत्या ना, तर मी त्या ताईंनाच मेसेज केला. त्या बोलल्या, मावशींचं खातं अटकलंय, टॅक्स बाकी आहे, मावशींवर केस होऊ शकते. बोलल्या, त्यांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.’ त्यांनी आवाज खाली आणला, जणू ते माझ्यापासूनच लपवत होत्या. ‘मी परवा सराफ्यात जाऊन आले, ऑटोने. पाटल्या दिल्या. तुमचाही भरला, माझाही भरला. आता सुटतील ना पैसे?’

परवा म्हणजे दहाव्या दिवशी. दहा दिवस मला सगळं ठाऊक होतं, आणि त्या तो जिना एकेक पायरी उतरून माझ्यासाठी सराफ्यात गेल्या होत्या.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. ‘वहिनी, पैसे नाहीत,’ एवढंच म्हटलं. ‘कधी नव्हतेच. मी फसले.’

त्यांना ते पटेना. ‘असं कसं वन्सं, तुम्ही तर काढून बघितले होते. मोबाईलमध्ये दिसून राहिले ना.’ त्यांनी फोन आणून आकडा दाखवला. माझेच शब्द त्या मला परत ऐकवत होत्या, हातात आलेला पैसा खरा, बँकेपेक्षा बरं, सगळं. सहा महिने मी त्यांना जे पढवलं होतं ते आता माझ्या तोंडून खोडून निघत नव्हतं. अर्ध्या तासाने त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि डब्यातली शेव दुसऱ्या डब्यात काढून ठेवायला आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बाहेर जायची साडी नेसली होती.

सायबर डेस्कवर एक तरुण पोलीस बाई होती. तिने दोघींचे फोन बघितले, सगळ्या खात्यांचे नंबर उतरवून घेतले. ‘परसों वाला शायद कुछ होल्ड हो जाए,’ ती म्हणाली. ‘बाकी का मुश्किल है। पहले दिन ही आ जातीं तो ये परसों वाला होता ही नहीं।’ वहिनी तिच्याकडे बघत होत्या. मी टेबलाकडे.

दोन अर्ज वेगवेगळे लिहायचे होते. माझा मी लिहिला. वहिनी म्हणाल्या, माझाही तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. पोलीस बाई सांगत गेली, मी लिहीत गेले. मग तिने वहिनींना विचारलं, ‘माताजी, इस ऐप में पैसा लगाने को सबसे पहले किसने कहा? नाम, रिश्ता, पता।’

‘नाम नहीं मालूम,’ वहिनी लगेच म्हणाल्या. ‘कोई थी फोन पर।’

मी पेन टेकवलं. वहिनींनी कागदावर हात ठेवला. ‘राहू द्या ना वन्सं.’

मी त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. नात्यापुढे ‘ननद’ लिहिलं, पत्ता नानाखेड्याचा. वहिनींनी चष्मा लावून ती ओळ वाचली, मग खाली सही केली.